पेढीवरची मनी

भुसार मालाच्या पेढीवर सकाळी शटर वर सरकले की सर्वांत आधी आत शिरते ती मनी. मालक अजून उंबऱ्याला हात लावून नमस्कार करीत असतो, नोकर झाडू शोधत असतो. तोवर मनी तुरीच्या थप्पीवरून तांदळाच्या थप्पीवर, तेथून टेबलावर आणि टेबलावरून थेट गादीवर पोहोचलेली असते. गादीवर बसण्याचा मान मालकाचा, हा पेढीचा जुना दंडक तिला कोणी सांगितलेला नसतो. मालक तिला अलगद उचलून खाली ठेवतो. ती शेपटी उभारून एक फेरी मारते आणि उघड्या रोजमेळावर येऊन बसते. तीही नेमकी ज्या पानाची बेरीज चालू आहे त्याच पानावर. संगणक आले, विवरणपत्रे ऑनलाइन भरली जाऊ लागली, तरी मनीचा शिरस्ता बदलला नाही. रोजमेळाऐवजी ती आता कीबोर्डवर बसते, इतकेच. विवरणपत्राची अखेरची तारीख असेल त्या दिवशी तर हमखास.

या वागण्याला खोडी म्हणण्याची रीत आहे. पण मांजराच्या खोड्यांमागे बहुधा त्याच्या शरीराचा काही तरी हिशेब असतो. माणसाला जो उकाडा वाटतो तो मांजराला आल्हाददायक वाटतो. अंगाची ऊब टिकवण्यासाठी जादा शक्ती खर्च करावी लागू नये, असे तापमान त्याच्यासाठी सुमारे ३० ते ३८ अंश सेल्सिअस आहे. म्हणून लॅपटॉप, उन्हात तापलेले गोणपाट, नुकतीच थांबलेली गाडी या सर्व जागा त्याला प्रिय. (थंडीच्या दिवसांत गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, त्याचे कारण हेच.) खोक्याचेही तसेच. घरातल्या मंडळींनी हौसेने मऊ बिछाना मागवावा आणि मनीने तो ज्या खोक्यातून आला त्या खोक्यात झोपावे, हा अनुभव बहुतेक घरांतला. पुठ्ठा ऊब धरून ठेवतो आणि चारही बाजूंनी आडोसा असल्याने पाठीमागून कोणी येण्याची भीती उरत नाही. रोजमेळाबाबत मात्र ऊब हे अर्धेच कारण. माणसाची नजर जेथे खिळलेली असते तेथे जाऊन बसले की हात आपल्या अंगावरून फिरतो, हे मांजर फार लवकर शिकते.

टेबलावरचे पन्नास ग्रॅमचे वजन पंजाने हळूहळू कडेपर्यंत ढकलत न्यायचे, मालकाकडे एकवार पाहायचे आणि मग ते खाली पाडायचे, ही मनीची दुसरी ख्याती. पंजाने ढकलून एखादी वस्तू हलते का, पळते का हे पाहणे ही शिकारी प्राण्याची तपासणी आहे. वजन पळत नाही. पण ते पडताच दोन माणसे धावत येतात, हा लाभ तिच्या लक्षात राहतो.

घरातही हीच तऱ्हा. आजी सकाळी सामायिकाला बसल्या की मनी कटासनाच्या कडेशी येते. लोकर तिला आवडते आणि अठ्ठेचाळीस मिनिटे जागचे न हलणारे माणूस तर त्याहून आवडते. ती लोकरीवर पुढचे दोन्ही पंजे आळीपाळीने दाबत राहते, जणू कणीक तिंबते आहे. पिलू असताना आईच्या अंगाशी दुधासाठी असेच पंजे दाबायचे असतात. मोठेपणी ती सवय सुरक्षिततेची खूण म्हणून उरते. पहाटे पाचला मात्र हीच मनी पलंगावर चढून पायांची बोटे पकडते. मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपते आणि पहाट व सांजवेळ या दोन संधिकाळांत सर्वाधिक जागे असते. चोविहार पाळणाऱ्या घरात त्यामुळे मोठा गमतीचा प्रसंग उभा राहतो : सूर्यास्ताला स्वयंपाकघर आवरले जाते आणि नेमका त्याच वेळी मनीचा दिवस सुरू होतो.

तिच्या आवाजाविषयी थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. मोठी मांजरे एकमेकांशी ‘म्याव’ करून क्वचितच बोलतात. ती भाषा त्यांनी मुख्यतः माणसासाठी राखून ठेवली आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील कॅरन मॅकॉम्ब यांनी २००९ साली दाखवून दिले की खाणे मागताना मांजर आपल्या घुरघुरीत एक उंच, रडवा स्वर मिसळते आणि तो स्वर तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीच्या जवळ जातो. ज्यांनी कधी मांजर पाळले नाही अशा श्रोत्यांनाही ती घुरघुर अधिक निकडीची वाटली. सूनबाई हातातले काम टाकून का उठतात, याचा उलगडा येथे होतो. टोकियोच्या सोफिया विद्यापीठातील अत्सुको साइतो यांच्या २०१९ सालच्या प्रयोगांनुसार मांजर आपले नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखते. हाक मारल्यावर ती येत नाही, हा ऐकू न येण्याचा दोष नव्हे. आणि तिच्याशी स्नेह जोडायचा असेल तर टक लावून पाहू नये. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. ससेक्समध्येच २०२० साली झालेल्या अभ्यासात अशा माणसाला मांजरांनीही डोळे मिचकावून उत्तर दिले आणि अनोळखी असूनही त्याच्याजवळ जाण्याकडे त्यांचा कल अधिक दिसला.

इतके सारे गोड चालले असताना एका सकाळी मनी दाराशी मेलेला उंदीर आणून ठेवते.

जैन कुटुंबात या क्षणी जी शांतता पसरते ती इतर घरांत पसरत नसावी. मुले आईकडे पाहतात, आई आजींकडे. मनी मात्र शेपटी उभारून सर्वांच्या पायांत घोटाळते. शिकार सुरक्षित जागी आणावी, ही तिची उपजत बुद्धी आहे. मांजरी आपल्या पिलांनाही याच रीतीने शिकार आणून देते, दाखवते, शिकवते. घर तिला सुरक्षित वाटते, हाच याचा अर्थ. तिच्या बाजूने हा व्यवहार निर्मळ आहे. प्रश्न उरतो तो घराचा आणि पेढीचा : तिला तेथे ठेवले आहे कशासाठी?

व्यापार आणि मांजर यांचा संबंध फार जुना. धान्याची साठवण सुरू झाली, त्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजरे माणसाच्या वस्तीत शिरली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे, आणि त्या बेटावर मूळची रानमांजरे नव्हती. म्हणजे कोणी तरी त्याच्या पूर्वजांना नावेतून तेथे नेले होते. पुढे या संबंधाला चक्क वेतनश्रेणीही मिळाली. लंडनच्या टपाल खात्यातील मनीऑर्डर कार्यालयात उंदीर कागद कुरतडू लागले, तेव्हा १८६८ साली तेथे तीन मांजरांची नेमणूक झाली. त्यांच्या खाण्यासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले गेले होते. वरिष्ठांनी एकच मंजूर केला. उरलेले पोट त्यांनी उंदरांवर भरावे, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी न झाल्यास भत्त्यात कपात व्हावी, अशी अट. हिशेबी माणसाला हसू यावे, असाच हा शेरा आहे. त्याच खात्याच्या मुख्यालयातला टिब्स नावाचा बोका तर चौदा वर्षे सेवेत होता आणि त्याचे वजन तेवीस पौंडांवर गेले होते. ते केवळ उंदरांवर वाढले असेल, असे वाटत नाही.

लंडनच्या कार्यालयाला तो ठराव शोभला. श्रावकाच्या पेढीला तो शोभेल का, हे पाहिले पाहिजे. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’त श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. त्यांतील ‘असतीपोषण’ या कर्मादानात मैना, पोपट, कुत्रा यांच्याबरोबर मांजराचाही उल्लेख येतो आणि तेथे हे पोषण धनासाठी केलेले आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. मांजरावर माया करणे वेगळे आणि मालाची नासाडी टळावी म्हणून त्याच्याकडून उंदीर मारवून घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात हात स्वच्छ राहतात, पण कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचा विचार करणाऱ्या घराला तेवढ्याने समाधान मिळू नये. शिवाय हा उपाय व्यवहारातही कच्चा आहे. उंदराचे पिलू पेन्सिलीएवढ्या, म्हणजे सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून आत येते. मनी किती फटींवर पहारा देणार? गोदामाच्या भिंतींतील फटी सिमेंट आणि लोखंडी जाळीने बुजवाव्यात, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचावीत, सांडलेले धान्य रोज झाडून घ्यावे, सुटा माल पत्र्याच्या झाकणाच्या डब्यांत ठेवावा. उंदराला खायलाच मिळाले नाही तर त्याला मारण्याचा प्रश्न फारसा उरत नाही आणि मनीची त्या नोकरीतून सुटका होते. उंदराच्या विषारी गोळ्यांना तर थारा देऊच नये. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही दगावते.

मग तिच्या शिकारी वृत्तीचे काय करावे? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी ती खरोखरच बांधून पाहिली. नैर्ऋत्य इंग्लंडमधील ३५५ मांजरांवर केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घंटेमुळे शिकारीत लक्षणीय फरक दिसला नाही. फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी. रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळले, तर ते घरी आणत असलेली शिकार चतुर्थांशाने घटली. मांसजन्य प्रथिने भरपूर असलेला तयार आहार दिला, तेव्हा ती ३६ टक्क्यांनी घटली.

ही दुसरी गोष्ट शाकाहारी घराला अवघड वाटणार, आणि नेमक्या याच जागी बहुतेक घरे स्वतःची फसवणूक करून घेतात. दूध-पोळीवर मांजर जगते, हा समज खरा नाही. ते जगलेले दिसते, कारण उरलेले ते बाहेर मिळवते. टॉरिन नावाचा घटक मांजराचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही आणि तो मिळतो प्राणिज आहारातून; त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा निकामी होतो आणि हृदयाचे स्नायू दुबळे पडतात, हे १९७५ आणि १९८७ सालच्या संशोधनांनी सिद्ध झाले आहे. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ बनवणेही त्याला जमत नाही. मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचत नाही, जुलाब होतात. गोडाची चव तर त्याच्या जिभेला कळतच नाही. दिवाळीत पेढ्याला तोंड लावले जाते ते साखरेसाठी नव्हे, स्निग्धांशासाठी. कांदा-लसूण त्याच्या रक्तपेशींना घातक असतात, त्या बाबतीत मात्र जैन स्वयंपाकघराइतके निर्धोक स्वयंपाकघर मनीला अन्यत्र मिळणे कठीण.

तेव्हा मांजर आणण्यापूर्वीच घरातल्या वडीलधाऱ्यांसह बसून हा निर्णय व्हावा. पशुवैद्यांच्या सल्ल्याने तयार आहार आणून, त्याची भांडी व जागा स्वयंपाकघराबाहेर वेगळी ठेवणे काही कुटुंबांना मान्य होते. ज्यांना ते मनापासून मान्य नाही त्यांनी मांजर पाळू नये. त्यात कमीपणा काहीच नाही. शेजारची मनी अंगणात येते, तिला पाण्याचे भांडे आणि उन्हाची जागा द्यावी. तिच्या लीला पाहण्याचा आनंद त्याने उणा होत नाही. पण ती घरात आणायची आणि मग तिला आपल्या व्रतावर ठेवायचे, हा तिच्यावर अन्याय आहे. व्रत स्वीकारणाऱ्याचे असते, लादलेल्याचे नव्हे.

खेळाला मात्र कोणाचीच हरकत नसावी. सायंकाळी दुकान वाढवून घरी आल्यावर, घरातल्या एखाद्या मुलीने काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला कापडाची चिंधी बांधून ती जमिनीवरून सरपटत न्यावी. मनी आधी पोट टेकून बसते, मागचा भाग डोलवते, मग झेप घेते. चार वेळा चिंधी निसटू द्यावी आणि पाचव्या वेळी सापडू द्यावी. कधीच न सापडणाऱ्या शिकारीने ती चिडते. त्यानंतर लगेच तिची ताटली पुढे करावी. शिकार, भोजन, अंग चाटणे आणि झोप हा तिचा नैसर्गिक क्रम असल्याने पहाटेची बोटेही बरीच वाचतात. खेळ संपला की दोरी कपाटात बंद झाली पाहिजे. पार्सलची सुतळी, रबर, राखीचा दोरा यांतले काहीही मांजराने गिळले तर ते आतड्यात अडकते. तोंडातून दोरा लोंबत असलेला दिसला तर तो ओढू नये. तसेच उचलून तिला पशुवैद्यांकडे न्यावे.