उलटी फिरणारी पुली आणि रेडिओची लहर

मालेगावात ज्यांनी ट्यूबलाइटखाली यंत्रमागावर रात्रपाळी केली आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. मोटार जोरात चालू असते, पण तिची पुली सावकाश उलटी फिरताना दिसते. कधी तर थांबल्यासारखीच वाटते. यात ना भुताटकी, ना डोळ्यांचा दोष. आमचे म्हणणे, सरळ हिशोब मांडा.

आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. मोटार मिनिटाला १४४०, म्हणजे सेकंदाला २४ फेरे घेते असे धरू. पुलीला चार सारखे आरे असतील, तर एका जागेवरून सेकंदाला ९६ आरे जातात. उजेड येतो तेव्हा पुढचा आरा आधीच्याच्या जागी पोहोचायला जरासा उरलेला असतो. डोळा समजतो, आरा मागे सरकला. १०० वजा ९६, बाकी ४. चार आरे म्हणजे एक फेरा. पुली सेकंदाला एक फेरा उलटी फिरताना दिसते!

रेडिओतही हेच घडते. आजची यंत्रे रेडिओची लहर ठरावीक वेळाने मोजून तिचे आकडे करतात. याला सॅम्पलिंग म्हणतात. एफएमची ९६ मेगाहर्ट्झची लहर सेकंदाला ९ कोटी ६० लाख हेलकावे घेते. ती सेकंदाला १० कोटी वेळाच मोजली, तर आकड्यांत ४ मेगाहर्ट्झची लहर दिसते. ही तोतया लहर, म्हणजे एलियास. १०४ मेगाहर्ट्झची लहरही त्याच ४ वर येऊन बसते. दोन्ही मिसळल्या की नुसत्या त्या आकड्यांवरून कोणती कुठली, हे संगणकालाही सांगता येत नाही. आकडे तर अगदी बरोबर वाटतात, धोका तिथेच आहे.

म्हणून आधी गाळणी, मग मोजणी. फिल्टर लावून ५० ते १०० मेगाहर्ट्झमधल्याच लहरी आत घेतल्या, तर ४ वर दिसणारी लहर ९६ चीच, याची खात्री. मग हीच फसगत उपयोगी पडते. वरची लहर आपोआप खाली उतरते आणि फार वेगवान, महाग यंत्रावाचून भागते. हे अंडरसॅम्पलिंग. मात्र मोजणी पट्ट्याच्या रुंदीच्या दुपटीहून कमी नको, आणि पट्टा एकाच कप्प्यात बसला पाहिजे.

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावजवळ, खोडद परिसरात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना! तिथे आकाशातली लहर आधी गाळून खालच्या पट्ट्यात आणतात. ४०० मेगाहर्ट्झ रुंदीसाठी सेकंदाला ८० कोटी वेळा मोजणी होते. दुपटीचा नियम तिथेही सुटत नाही.

मागावरच्या भावांना आणि भगिनींना आमचे सांगणे एवढेच. पुली थांबलेली दिसली म्हणून हात घालू नका, आधी मोटार बंद करा. तीन फेजची वीज असेल, तर शेजारशेजारच्या ट्यूब वायरमनकडून वेगवेगळ्या फेजवर जोडून घ्या. एक मंदावली की दुसरी उजळते, आणि पुलीचे खरे फिरणे नजरेला पडते. बोटे शाबूत राहतील, तर हा हिशोब कामी आला.