बाळाच्या जुलाबांवर अँटिबायोटिक कशासाठी?



थंडी पडू लागली की दोन वर्षांखालच्या मुलांचे उलट्या-जुलाब वाढतात आणि मेडिकलच्या दुकानांतून ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलच्या बाटल्या चिठ्ठीशिवायही घरोघरी जाऊ लागतात. पाण्यासारख्या जुलाबांवर तान्ह्या मुलांना अँटिबायोटिक पाजण्याची ही सवय थांबली पाहिजे. या वयातले असे जुलाब बऱ्याचदा विषाणूंमुळे होतात. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्यात रोटाव्हायरस शोधून काढला. आपल्याकडे लस येण्याआधी जुलाबांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांत हा एकटाच विषाणू सापडत असे. त्याच्या जोडीला नोरोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस आणि अ‍ॅडेनोव्हायरसचे ४० व ४१ हे प्रकार आहेतच. यांपैकी एकावरही अँटिबायोटिक चालत नाही. उलट आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, कधी त्यामुळेच जुलाब लांबतात, आणि उरलेले जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. रोटाव्हायरस लहान आतड्याच्या अस्तरातल्या शोषून घेणाऱ्या पेशी मारतो. पण सगळ्या नाही. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र मिळाले, तर उरलेल्या पेशी पाणी आत ओढून घेत राहतात. ओआरएसचे, म्हणजे तोंडाने पाजायच्या साखर-मिठाच्या द्रावणाचे, सगळे बळ यात आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या साथीत ते दाखवून दिले. त्याला २००४ पासून जागतिक आरोग्य संघटनेने दहा ते चौदा दिवसांच्या झिंकची जोड दिली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच ओआरएस मिळाले, आणि झिंक तर जेमतेम ३० टक्क्यांना. स्वस्त, खात्रीचा उपाय मागे राहावा आणि निरुपयोगी औषध पुढे यावे, हे मला अक्षम्य वाटते.

तपासणीशिवाय विषाणू की जिवाणू हे कसे कळणार, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक वेळा तपासणीवाचून अडत नाही. शौचात रक्त दिसले किंवा कॉलराची शंका आली, तर अँटिबायोटिकचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावाच. एरवीच्या पाणीदार जुलाबांत जंतू कोणताही असो, पहिला उपचार ओआरएस हाच. दुसरा आक्षेप लसीवर: डोस घेऊनही जुलाब झाले, मग उपयोग काय? दिल्ली, पुणे आणि वेल्लोर परिसरात झालेल्या चाचणीत रोटाव्हॅक लसीने पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब निम्म्याहून अधिक कमी केले. नोरोव्हायरस रोखण्याचा तिचा दावाच नाही, आणि रोटाव्हायरसचे सौम्य जुलाब लसीनंतरही होऊ शकतात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे हे डोस सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ते चुकवू नयेत. घरात शुद्ध पाणी आहे, म्हणून लस कशाला, असेही काही सुशिक्षित पालक म्हणतात. लस येण्यापूर्वी श्रीमंत देशांतही जवळपास प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत हा संसर्ग होत असे, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

औषध विक्रेत्यांनी चिठ्ठीशिवाय ही सिरपे देऊ नयेत आणि अन्न व औषध प्रशासनाने त्यावर खरोखर लक्ष ठेवावे. पालकांना विनंती: एक लिटरचे ओआरएस पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा, ग्लासभर पाण्यात नाही. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवा. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा पोटात काहीच टिकेना, तर वेळ न दवडता त्याला दवाखान्यात न्या.

— एक वाचक, सातारा