आपले पत्र आपणच वाचावे

पेन्शनचे ई-पत्र बारीक अक्षरांत आले, की आमच्या विंचूरची वडीलधारी माणसे ते दुसऱ्याकडून वाचून घेतात. मग घरची गोष्ट गावभर होते. थंडरबर्ड हा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरत असाल, तर उपाय आहे.

‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन’मधून प्रोफाइल फोल्डर उघडा. त्यात ‘क्रोम’ फोल्डर करा. आत ‘युजरक्रोम डॉट सीएसएस’ ही साधी फाइल ठेवा. नाव इंग्रजीत, मधला ‘सी’ मोठा. यादीच्या व मेनूच्या अक्षरांचा आकार, रंग तीत लिहावा. पत्रातील मजकुरासाठी ‘युजरकंटेंट डॉट सीएसएस’ वेगळी. कॉन्फिग एडिटरमध्ये ‘लेगसी युजर प्रोफाइल कस्टमायझेशन्स’ची नोंद ‘ट्रू’ करा. थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडा.

बिघडलेच तर फाइल काढून टाका; पत्रे जशीच्या तशी राहतात.