पोलिसाला पदवी कशासाठी?

ओळखीच्या एका मराठी कुटुंबातल्या, मिनेसोटात वाढलेल्या मुलाने कम्युनिटी कॉलेजात ‘क्रिमिनल जस्टिस’ हा विषय घेतला, तेव्हा त्याच्या आईवडिलांनी ती बातमी आम्हाला जरा दबक्या आवाजातच सांगितली. अमेरिकेत जाऊन मुलगा पोलीस होणार! आपल्याकडे शिपाईभरती म्हटली की पहाटेचे मैदान, धावणे, छातीचे माप आणि लेखी परीक्षा. शिक्षण बारावीचे पुरते. तिकडे त्यासाठी दोन वर्षे कॉलेजात कशाला, असा प्रश्न मलाही पडला.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे घराजवळचे, तुलनेने स्वस्त, दोन वर्षांची पदवी देणारे सार्वजनिक महाविद्यालय. दिवसा नोकरी करून संध्याकाळी वर्गात बसणारे तेथे पुष्कळ. या अभ्यासक्रमात फौजदारी कायदा, गुन्हेगारीशास्त्र, बालगुन्हेगारी हे विषय असतात. झडतीला मर्यादा घालणारी घटनेची चौथी दुरुस्ती असते. अटकेतल्या माणसाला चौकशीपूर्वी गप्प राहण्याचा हक्क सांगायला लावणारा १९६६ चा मिरांडा निकाल असतो. आणि अहवाललेखन! ते कंटाळवाणे खरे, पण खटला पुष्कळदा त्याच कागदावर टिकतो वा कोसळतो.

कल्पना जुनीच. बर्कलीचा पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर स्वतः फारसा शिकलेला नव्हता. त्यानेच १९०८ साली आपल्या शिपायांसाठी शाळा काढली. १९६७ साली राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने सर्व पोलीस पुढेमागे पदवीधर असावेत असे सुचविले आणि १९६८ च्या कायद्याने केंद्राचा पैसा कर्जे व अनुदानांच्या रूपाने वाहू लागला. पैसा दिसला की अभ्यासक्रम उगवतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कामावरचे पोलीस शिकू लागले, अनेक ठिकाणी माजी पोलीसच शिकवू लागले, आणि ठाण्यातल्या गप्पा वर्गात आल्या. १९७८ साली लॉरेन्स शर्मन यांच्या अहवालाने यावर नेमके बोट ठेवले. शिक्षण नोकरीपूर्वी आणि व्यापक असावे, केवळ पोलिसी धंद्याच्या दोन वर्षांच्या पदव्या हळूहळू बंद कराव्यात, असे त्यात म्हटले होते. त्या काही बंद झाल्या नाहीत.

आता मिनेसोटाच पाहा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शालान्त प्रमाणपत्र चालत असताना या राज्याने १९७७ साली परवाना मंडळ स्थापन केले आणि दोन वर्षांची पदवी पोलिसांना जवळजवळ सक्तीची केली. याच राज्यात, मिनिआपोलिसच्या रस्त्यावर, २५ मे २०२० रोजी डेरेक शॉव्हिन या पदवीधर पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा रोवून ठेवला.

मग शिक्षण फुकट गेले काय? तसे म्हणवत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, दोन शहरांच्या एका अभ्यासात कॉलेजशिक्षित पोलीस बळाचा वापर कमी करतात असे आढळले. अटक आणि झडतीच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. मला त्या रस्त्यावरचा दुसराच क्षण महत्त्वाचा वाटतो. कामावर येऊन जेमतेम काही दिवस झालेल्या एका पोलिसाने, फ्लॉइडला कुशीवर वळवायचे का, असे विचारले होते. वरिष्ठ नाही म्हणाला, आणि हा थांबला. योग्य काय ते त्याला ठाऊक होते. वरिष्ठाचा शब्द मोडण्याचे बळ नव्हते. २०२२ साली केंद्रीय न्यायालयात तोही दोषी ठरला. कायद्याच्या पुस्तकाइतकाच या धाडसाचा सराव वर्गात व्हायला हवा, आणि तो शिकवणारा माणूस ठाण्याच्या उतरंडीत मुरलेला असून चालणार नाही, असे माझे मत आहे.

कॅलिफोर्नियाने २०२१ साली पोलीसभरतीचे किमान वय २१ केले आणि कम्युनिटी कॉलेजांनाच नवा पदवी अभ्यासक्रम आखायला सांगितले. त्यात मानसशास्त्र, इतिहास आणि वांशिक समाजांचा अभ्यासही घातला. न्यूयॉर्क शहराने मात्र २०२५ साली, उमेदवार मिळेनात म्हणून, कॉलेजच्या ६० क्रेडिटची अट २४ वर आणली. २४ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याचे पुरते एक वर्षही नव्हे.