विजेची शेगडी आणि बिडाचा तवा

एका स्नेह्यांच्या स्वयंपाकघरात या आठवड्यात जे पाहिले, त्याने मनाला लागलेली चुटपुट अद्याप गेलेली नाही. ओट्यावर नवी कोरी इंडक्शन शेगडी, तिच्यावर दूध तापत ठेवलेले, आणि तिचा मोठ्या पिनांचा प्लग मात्र एका कन्व्हर्टरच्या मध्यस्थीने, मिक्सरसाठी बसविलेल्या लहान सॉकेटात कसाबसा खोचलेला. कन्व्हर्टरच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर पिनांभोवती तपकिरी वलये उमटली होती, एका बाजूला ते वितळून किंचित कललेही होते, आणि जवळ जाताच जळक्या रबराचा उग्र दर्प येत होता. "वहिनी, हा प्लग जळतो आहे," असे म्हणताच त्या अत्यंत शांतपणे उत्तरल्या, "अहो भाऊजी, तो पहिल्यापासून असाच तापतो. पण चालतंय ना!"

या उत्तराचा मला मनस्वी राग आला, आणि तो वहिनींचा नव्हे, तर सुशिक्षित घराघरांतून सर्रास आढळणाऱ्या त्या बेफिकिरीचा आला. ज्या घरांत चुलीतले निखारे रात्री राखेखाली नीट झाकल्यावाचून कोणी अंथरुणाला पाठ टेकीत नसे, जेथे चुलीपाशी बसण्यापूर्वी पदर खोचण्याचा शिरस्ता होता आणि रॉकेलचा डबा विस्तवापासून दूर ठेवण्याविषयी कोणाला ताकीद द्यावी लागत नसे, त्याच घरांत, ज्वाला दिसेनाशी झाल्याबरोबर, अग्नीविषयीचा सारा विवेक अस्तंगत व्हावा, हे मला चिंताजनक वाटते. अग्नी तेथून गेलेला नाही. तो भिंतीतल्या तारेत आणि प्लगच्या सांध्यात जाऊन बसला आहे, एवढेच.

विजेच्या प्रवर्तनाचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली प्रयोगाने सिद्ध केले, आणि आपली शेगडी त्याच तत्त्वावर चालते: काचेखालील तांब्याच्या वेटोळ्यातून अतिशय वेगाने दिशा पालटणारा प्रवाह वाहतो, त्यामुळे वर ठेवलेल्या लोखंडी भांड्याच्या बुडातच प्रवाहाचे भोवरे निर्माण होतात, आणि भांडे स्वतःच तापते. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. लहान सॉकेट अवघ्या ६ अँपिअरचे असते, आणि प्रवाह दुप्पट झाला की सांध्यातील उष्णता चौपट होते. म्हणून हिला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, त्यामागे जाड तांब्याची तार आणि खरोखर जमिनीशी जोडलेले अर्थिंग हवे. जुन्या इमारतींतून तिसरे भोक केवळ शोभेपुरते असण्याचा संभव असल्यामुळे वायरमनकडून त्याची खातरजमा करून घेणे इष्ट.

याहून लहान, तथापि तितक्याच महत्त्वाच्या बाबींकडेही असेच दुर्लक्ष होते. शेगडीच्या पोटाशी हवा खेचणारा पंखा असतो, आणि ओटा खराब होऊ नये या सद्हेतूने तिच्याखाली वर्तमानपत्र किंवा मेणकापड अंथरले की त्याच्या जाळीवर ते चिकटून हवेची वाट बंद होते. स्वयंपाक संपताच भिंतीवरचे बटण बंद करण्याची घाईही नको, कारण आतील वेटोळे थंड करण्यासाठी तो पंखा काही काळ फिरत राहतो. काच पुसावी ती निवल्यावर, ओलसर मऊ फडक्याने. तारेची घासणी तिला कदापि लावू नये. केसाएवढा जरी तडा दिसला तरी शेगडी तत्क्षणी वापरातून काढावी, कारण त्या तडकेतून उतू गेलेले दूध विद्युत्प्रवाहापर्यंत पोचते. भांडे उचलल्यावरही काच बराच वेळ चटका देण्याइतकी गरम राहते आणि तसे दर्शविणारी ज्योत तेथे नसते, याची समज घरातील मुलांना आवर्जून द्यावी. पेसमेकर बसविलेल्या वडीलधाऱ्यांनी चालू शेगडीपासून दोन फुटांचे अंतर राखावे व आपल्या डॉक्टरांना विचारूनच तिच्यापाशी काम करावे.

भांड्यांचा प्रश्न मात्र सविस्तर बोलण्याजोगा आहे. ही शेगडी आपल्या परंपरागत भांड्यांपैकी बहुतेकांना दारातूनच परत पाठविते. पितळेचे पातेले, तांब्याचा हंडा, ॲल्युमिनियमची कढई यांपैकी काहीही तिला चालत नाही. स्टीलची काही भांडी चालतात, काही चालत नाहीत. फोडणीचे कढले लोखंडाचे असले तरी त्याचे बूड इतके लहान की पुष्कळशा शेगड्या त्याची दखलच घेत नाहीत, नुसत्या शिटी वाजवीत राहतात. वांगे भाजणे तर सोडूनच द्यावे लागते, आणि हे दुःख खान्देशातील वाचकांना अधिक कळेल.

जुन्या वस्तूंविषयीचा माझा सोस या सदराच्या वाचकांना परिचित आहे. म्हणूनच सांगतो, या नव्या दरबारात एका जुन्या मानकऱ्याला आजही सन्मानाने प्रवेश आहे, आणि तो म्हणजे बिडाचा तवा. कोकणात ज्याच्यावर पिढ्यान् पिढ्या घावन आणि आंबोळ्या उतरल्या, तो काळाभोर, जड तवा लोहचुंबकाला घट्ट धरून ठेवतो, आणि म्हणूनच शेगडीलाही तो मान्य होतो. त्याला नॉनस्टिकच्या थराचे भय नाही. एकदा तापला की उष्णता धरून ठेवण्याचा त्याचा गुण असा की वॅट उतरविल्यानंतरही धिरड्याची कड खरपूस होत राहते.

मात्र त्याचा मान राखला पाहिजे. चुलीवरच्या काळातील काजळीचे आणि गंजाचे पापुद्रे बुडावर असतील तर ते खरवडून काढावेत, अन्यथा काचेवर ओरखडे उठतात. बूड सपाट आहे की नाही हे पट्टी आडवी लावून पाहावे. तवा काचेवर सरकवू नये, दोन्ही हातांनी उचलून अलगद ठेवावा. आरंभी मंद आच द्यावी. एकदम पूर्ण वॅटवर टाकल्यास वेटोळ्यावरचा भाग तापतो, कडा थंड राहतात, आणि या ओढाताणीत बिडाला तडा जाण्याचा धोका असतो. भाकरी ज्योतीवर फुगविण्याची सोय नसली तरी दुसरी बाजू तव्यावरच फडक्याने हलकेच दाबीत फिरविली तर ती उत्तम फुगते. फक्त पीठ ताजे दळलेले आणि उकळत्या पाण्याने मळलेले हवे. काम झाल्यावर तवा धुऊन लगेच कोरडा करावा आणि तेलाचा हात फिरवून ठेवावा.

ज्यांच्या माळ्यावर असा एखादा तवा धूळ खात पडला असेल, त्यांनी तो मोडीत घालण्यापूर्वी त्याचे बूड स्वच्छ घासून, त्याला एकदा लोहचुंबक अवश्य लावून पाहावा.