रांजण, बाटली आणि खोके

ऐरोलीत बाप्तिस्म्याच्या एका मेजवानीत यजमानाने खोक्यातील वाइन मांडली, तेव्हा कुजबुज झाली: ‘बाटलीही परवडली नाही का?’ कर्ज काढून आणलेल्या विदेशी व्हिस्कीपुढे मात्र हीच मंडळी नतमस्तक होतात!

खोक्यात हीन ते काय? थॉमस अँगोव्ह या ऑस्ट्रेलियन मद्योत्पादकाने १९६५ साली या वेष्टनाचे पेटंट घेतले. वाइन काढू तशी आतली पिशवी आक्रसते, हवा शिरत नाही. म्हणून ती काही आठवडे टिकते. उघडलेली बाटली मात्र चार दिवसांत बिघडते आणि ‘संपवून टाका’ हा आग्रह तिथूनच सुरू होतो.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटांत वाइन विकण्यास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. कर्जबाजारी मेजवान्यांविरुद्ध असा आवाज कधी उठला?

काना गावी प्रभूने उत्तम द्राक्षारस दिला तो दगडी रांजणांतून. भोजनकारभाऱ्याने चव पाहिली, रांजणाची किंमत विचारली नाही.

खोक्यातही धोका आहेच: किती प्यालो, हे ते दाखवत नाही. तोटीखालचा हात संयमीच हवा. बांधवहो, लाज वाटायचीच तर ती प्रमाण सुटल्याची वाटावी, पात्राची नव्हे. ज्या घरी मुलांच्या फीचे पैसे पेल्यात जातात, तिथे देखणी बाटलीही कलंकच.