बीपीडी लहान, पण एचसी?

अलिबागहून वहिनीचा फोन आला की हल्ली हालहवाल नंतर, आधी आकडे. परवा साडेबत्तीस आठवड्यांची सोनोग्राफी झाली. रिपोर्टात बीपीडी ७६ मिलिमीटर, समोर वय साडेतीस आठवडे. ‘ताई, डोकं दोन आठवडे मागे आहे का हो?’

मी म्हटलं, खालची ओळ वाच. एचसी २९५. हा डोक्याचा घेर, आणि तो वयाला अगदी साजेसा! बीपीडी म्हणजे नुसती रुंदी, एका कानाच्या वरपासून दुसऱ्या कानाच्या वरपर्यंत. बाळ पायाळू असेल तर डोकं बरेचदा लांबट होतं. रुंदी कमी भरते, घेर मात्र शाबूत. वहिनीचं बाळही सध्या डोकं वर करूनच बसलंय.

शिवाय ते ‘आठवडे’ म्हणजे मशीनचा अंदाज. शेवटच्या तिमाहीत तो दोन-तीन आठवडे सहज इकडेतिकडे होतो. तारीख पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीचीच धरायची. आणि तक्ता कुठला, हेही विचारावं. बऱ्याच मशीनमध्ये हॅडलॉकचा १९८४ चा अमेरिकी तक्ता असतो. २०१४ मध्ये आलेल्या इंटरग्रोथ-२१ मध्ये मात्र आठ देशांतली बाळं आहेत, त्यांत आपल्या नागपूरचीही. (‘गोऱ्यांच्या बाळांशी तुलना कशाला?’ म्हणणाऱ्या समस्त सासूबाईंसाठी खास.)

खरी काळजी कधी? एचसीच तक्त्याच्या अगदी तळाशी असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर वाढ थबकलेली दिसली, तर. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, आणि पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट सोबत न्या.